दोन सारख्याच हिरव्या शेडमधून एक कशी निवडावी: नमुन्यापासून डबा उघडेपर्यंत

घराला रंग काढायचा ठरला की बेडरूम, पॅसेज, स्वयंपाकघर यांचं पटकन जमतं. अडतं ते हॉलच्या हिरव्यापाशी. शेड कार्डावरच्या दोन शेजारच्या चौकोनांवर बोट फिरत राहतं. दुकानदार म्हणतो, 'दोन्ही चालतात'. पेंटर म्हणतो, 'वहिनी, भिंतीवर गेल्यावर सेमच दिसणार.' शेवटी कोणीतरी कंटाळून एक कोड सांगून टाकतं आणि दिवाळीपर्यंत घरातले एकमेकांना विचारत राहतात, हा पिस्ता आहे की दवाखान्याचा हिरवा?

माझ्या पाहण्यात चूक होते ती बहुधा क्रमात. लोक आधी शेड ठरवतात, मग फिनिश, मग दिवे, आणि पडदे सगळ्यात शेवटी. जायचं असतं नेमकं उलट्या दिशेनं. शिवाय हिरवा डोळ्यात पटकन भरतो. माणसाची नजर भर उजेडात ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्यालाच सगळ्यात जास्त दाद देते. आणि कार्डावर नगण्य वाटलेला फरक दहा फुटी भिंतीवर चांगलाच जाणवतो.

खालचे टप्पे त्याच क्रमानं करा. हातात तीन-चार दिवस ठेवा.

## १. जे बदलणार नाही ते आधी पक्कं करा

शेड कार्ड अजून बाजूलाच असू द्या.

दिवे. हॉलमध्ये कोणते दिवे राहणार ते आज ठरवा. एलईडीच्या खोक्यावर आकडा असतो: २७०० ते ३००० के (केल्विन) म्हणजे पिवळसर वॉर्म व्हाइट, ४००० के म्हणजे मधला, ६५०० के म्हणजे निळसर पांढरा कूल डेलाइट. तोच हिरवा ३००० केच्या दिव्याखाली पिवळट होतो आणि ६५०० केखाली थंड पडतो. नव्या फॉल्स सीलिंगमध्ये वॉर्म दिवे येणार असतील आणि तुम्ही जुन्या ट्यूबखाली शेड निवडत असाल, तर ती मेहनत वाया. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, दिला असेल तर तोही बघा. ८० चालतो, ९० च्या पुढचा असला तर रंग अधिक खरे दिसतात.

फरशी, दारं, फर्निचर. ठाण्या-नवी मुंबईतल्या कितीतरी फ्लॅटमध्ये क्रीम रंगाची व्हिट्रिफाइड टाइल आणि सागाच्या रंगाचं लॅमिनेट असतं. लालसर लाकडाशेजारी हिरवा जास्तच हिरवा दिसतो, पिवळसर टाइलवर तोच किंचित निळसर भासतो. म्हणून टाइलचा उरलेला तुकडा, लॅमिनेटचं सॅम्पल आणि सोफ्याच्या कापडाची चिंधी जमवून ठेवा.

कोणता रंग, कोणतं फिनिश. एकच शेड कोड मॅटमध्ये फिका आणि मऊ दिसतो, शीनमध्ये गडद आणि चकचकीत. एका शेडचा नमुना मॅटमध्ये आणि दुसरीचा शीनमध्ये करून तुलना करणारे लोक आहेत. तुम्ही त्यात जाऊ नका.

> इशारा: सोसायटीचं बाहेरून रिपेअरचं काम चालू असेल आणि खिडकीसमोर हिरवी जाळी लटकत असेल, तर हिरव्या शेडची निवड पुढे ढकला. जाळीतून येणारा सगळा उजेडच हिरवट असतो. खिडकीवरची निळी ताडपत्री, काचेवरची फिल्म, टिंटेड काच हेही तपासा. ताडपत्री निघणार असेल तर ती निघाल्यावर बघा. काच कायमचीच टिंटेड असेल तर मात्र तिच्यातूनच बघा, कारण राहायचं तिच्यासोबत आहे.

## २. दोघींचा कल ओळखा

हिरव्यातही जाती असतात: पोपटीकडे झुकणारा, मोरपिशीकडे झुकणारा, राखाडी मिसळलेला सेज, शेवाळी, मेंदी. दोन सारख्या शेडमध्ये फरक बहुतेक या झुकण्याचाच असतो, गडद-फिक्याचा कमी.

एका कोऱ्या पांढऱ्या ए-फोर कागदाला सारख्या मापाच्या दोन खिडक्या कापा आणि त्यांतून फक्त त्या दोन शेड दिसतील असं कार्ड खाली सरकवा. आजूबाजूचे चौकोन झाकले गेले की कल उघडा पडतो. कार्डाची पट्टी फिक्यापासून गडदपर्यंत एकाच कुळातली असेल तर सगळ्यात खालचा गडद चौकोनही बघा. फिक्या शेडमध्ये लपलेला पिवळा किंवा निळा तिथे स्पष्ट दिसतो.

दुकानात कलर मशीन असेल तर कॉम्प्युटरवर त्या कोडचा फॉर्म्युला दिसतो. दुकानदाराला दाखवायला सांगा; मोकळा असेल तर दाखवतो. काळा आणि ऑक्साइडचा पिवळा जास्त पडत असेल तर शेड मातकट आणि शांत होणार. हिरवा-निळा स्टेनर (मशीन डब्यात सोडतं तो घट्ट रंग) जास्त आणि काळा नाही, तर ती ताजी पण थंड दिसणार.

काही कंपन्या शेडसोबत एलआरव्ही देतात, म्हणजे भिंत किती उजेड परत फेकते त्याचा ० ते १०० मधला आकडा. ० म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. दोन शेडच्या आकड्यांत दोन-तीनचाच फरक असेल तर 'ही उजळ, ती गडद' हा वाद सोडून द्या आणि फक्त कलाकडे लक्ष द्या.

> तपासा: दोन शेडमधला फरक एका वाक्यात कागदावर लिहिता येतो का? 'पहिली जरा पिवळट, दुसरीत राखाडी जास्त' एवढंही पुरे. लिहिताच येत नसेल तर एक शेड बाद करा आणि लगेच पेंटरला फोन लावा. दिसत नसलेल्या फरकासाठी तीन दिवस घालवण्यात अर्थ नाही.

## ३. नमुने बनवा, भिंतीवर नव्हे, बोर्डावर

पेंटरची सवय अशी: जुन्या भिंतीवर ब्रशनं हातभर पट्टा मारायचा, एक हात, शेजारी दुसरा पट्टा, आणि 'बघून घ्या' म्हणत बिडी प्यायला जायचं. त्या पट्ट्यावरून काहीच ठरत नाही. खालचा जुना पीच किंवा पिवळा एका हातातून वर डोकावतो. भोवती तोच जुना रंग पसरलेला असतो, त्याच्या विरोधात हिरवा भलताच भडक वाटतो. नुसत्या पुट्टीवर मारला तर पुट्टी रंग शोषून घेते आणि ठिपके-ठिपके दिसतात. वर त्या पट्ट्याची जाड कड नंतर नीट घासली नाही, तर अंतिम रंगातूनही उठून दिसते.

त्यापेक्षा हे करा:

१. दोन फूट बाय दोन फुटांचे पातळ प्लायचे किंवा जाड पुठ्ठ्याचे चार तुकडे घ्या, प्रत्येक शेडसाठी दोन. ते पुढे कोपऱ्यात लागतील.

२. चारही तुकड्यांना पांढऱ्या प्रायमरचा एक हात द्या आणि पूर्ण वाळू द्या.

३. तीन कडांना दोन इंच पांढरी पट्टी राहील अशी मास्किंग टेप लावा. चौथी कड मोकळी सोडा, तिथपर्यंत रंग जाऊ द्या. टप्पा ५ मध्ये ही कड उपयोगी पडते.

४. ज्या कंपनीचा, ज्या प्रकारचा, ज्या फिनिशचा रंग घरात लागणार आहे, नमुन्यासाठी नेमका तोच आणा. छोटा सॅम्पल डबा मिळाला तर उत्तम, नाहीतर एक लिटर. एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर 'मॅच' करून देतो म्हणणारा दुकानदार भेटेल. ते जवळपास असतं, तंतोतंत नसतं. तुमच्या दोन शेडमधलं अंतरही जवळपासचंच आहे, तेव्हा तो मार्ग बंद समजा.

५. भिंतीला वापरणार त्याच रोलरनं दोन हात द्या. ब्रशच्या रेषा आणि रोलरचा पोत उजेड वेगवेगळा परततात.

६. मागे कोड, फिनिश आणि तारीख लिहा. पुढच्या बाजूला काही लिहू नका. नाव वाचलं की मत बनतं. 'फॉरेस्ट मिस्ट' असं नाव दिसलं की माणूस आधीच हरतो.

दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. इमल्शनला साधारण चार तास धरा. ओला इमल्शन दुधट आणि फिका दिसतो, वाळल्यावर गडद होतो. म्हणून ओल्या नमुन्यावर चर्चा सुरूच करू नका. गणपतीच्या आधी रंग काढणारी घरं आपल्याकडे पुष्कळ, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत वाळायला डब्यावरच्या वेळेपेक्षा जास्तच वेळ लागतो. पंखा लावून ठेवा आणि शेवटच्या हातानंतर पूर्ण एक दिवस जाऊ द्या.

> तपासा: बोर्ड तिरपा करून उजेडात धरा. मधेच चमकणारे डाग दिसले तर रंग अजून वाळलेला नाही किंवा हात असमान बसला आहे. तसा नमुना तुलनेला घेऊ नका.

## ४. बोर्ड कुठे आणि कसा ठेवायचा

उभा. टेबलावर आडवा ठेवलेल्या बोर्डावर छताचा उजेड थेट पडतो, भिंतीवर तो तसा कधीच पडत नाही. बोर्ड भिंतीला टेपनं चिकटवा, डोळ्यांच्या उंचीवर. एकदा खाली सरकवून स्कर्टिंगला टेकवून फरशीसोबत बघा, एकदा दाराच्या चौकटीला लावून. जमवलेले तुकडे जवळ धरा.

जागा दोन हव्यात: खिडकीसमोरची भिंत आणि खिडकीचीच भिंत. खिडकीच्या भिंतीवर उजेड मागून येतो, तिथे प्रत्येक शेड एक पायरी गडद आणि राखाडी दिसते. हॉलमधली टीव्हीची भिंत नेमकी तीच असेल तर निर्णय तिच्यावरून घ्या.

आता चार तुकडे का बनवले ते. एकाच शेडचे दोन बोर्ड कोपऱ्यात काटकोनात लावा आणि कोपऱ्याच्या घडीत बघा. हिरवी भिंत समोरच्या हिरव्या भिंतीवर हिरवाच उजेड टाकते, त्यामुळे चारही भिंती एका रंगाच्या केल्या की रंग एकट्या नमुन्यापेक्षा गडद आणि भडक होतो. 'कार्डावर इतका हिरवा नव्हता' ही तक्रार बहुतेक इथून येते. खोली चारही बाजूंनी रंगवणार असाल तर सपाट बोर्डापेक्षा कोपऱ्यातल्या घडीवर जास्त विश्वास ठेवा.

## ५. आधी दोघी एकत्र, मग एकेकटी

बहुतेक लोक हा टप्पा अर्धाच करतात. दोन शेड शेजारी ठेवतात, फरक बघतात आणि तिथेच निवड करतात. पण भिंतीवर दोघी कधीच एकत्र राहणार नाहीत. शेजारी असताना डोळा दोघींना एकमेकींपासून दूर ढकलतो: किंचित पिवळट असलेली फारच पिवळी वाटते, किंचित राखाडी असलेली मळकट. एक बोर्ड खाली उतरवला की उरलेली शेड बदलल्यासारखी वाटते.

कासारवडवलीला मैत्रिणीच्या घरी हेच झालं. शेजारी ठेवल्यावर एक शेड टवटवीत, दुसरी धुळकट. नवरा-बायको दोघांनीही टवटवीतवर बोट ठेवलं. मग तिला दोन तास एकटी लावून ठेवली. सागाच्या दाराशेजारी ती हळूहळू पोपटी वाटू लागली, इतकी की तिच्या सासूबाई जाता जाता म्हणाल्या, 'अगो, शाळेच्या फळ्यामागची भिंत गो ही!' दुपारी दुसरी लावली. धूळ कुठेच नव्हती. मऊ, शांत हिरवा दिसत होता. घरात शेवटी तीच लागली.

म्हणून असं करा. मोकळ्या ठेवलेल्या कडा एकमेकींना भिडवा आणि दोन मिनिटं बघून फरक नोंदवा. मग दोन्ही उतरवा. एक बोर्ड लावून अर्धा दिवस घरातली कामं करा, मुद्दाम टक लावून बघू नका. येता-जाता काय वाटतं ते लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळात, त्याच जागी दुसरी.

> इशारा: हिरव्याकडे सलग बघत राहिलात तर डोळा त्या रंगाला सरावतो आणि शेड फिकी वाटू लागते. मधे मिनिटभर पांढऱ्या छताकडे किंवा खिडकीबाहेर बघा. लाल-मरून ड्रेस घालून बोर्डाच्या अगदी जवळ उभं राहू नका, त्याची छटा बोर्डावर पडते.

## ६. कधी बघायचं

सकाळी आठ-नऊ, भर दुपारी, संध्याकाळी ऊन उतरताना, आणि रात्री दिवे लावून. रात्रीची वेळ सगळे विसरतात, आणि नोकरदार घरात हॉल वापरला जातो तोच मुळी रात्री.

एका उजेडात जुळ्या वाटणाऱ्या शेड दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात आणि राखाडी मिसळलेल्या हिरव्यांत तो हमखास गाठतो. रात्री वॉर्म दिव्याखाली एक शेड शेवाळी होते, दुसरी तशीच राहते. तिन्हीसांजेला दिवे लावायच्या आधी डोळा निळसर हिरव्याला जास्त उजळ बघतो. त्या अर्ध्या तासावर निर्णय घेऊ नका.

दिशेचं गणित आपल्याकडे थोडं वेगळं आहे. ठाणे साधारण १९.२ उत्तर अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो दक्षिणेला साधारण ४७ अंशांवरच चढतो, आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोल आत येतं. उत्तरेच्या हॉलमध्ये बहुतेक वर्षभर मऊ, निळसर उजेड असतो, तिथे मोरपिशीकडे झुकणारी शेड थंडगार पडते. पश्चिमेच्या हॉलमध्ये संध्याकाळी सगळं नारिंगी होतं, तिथे पिवळट हिरवा चटकन भडक दिसतो.

खिडकीबाहेर काय आहे ते मला दिशेहून महत्त्वाचं वाटतं. येऊरच्या पायथ्याशी, उपवन-वसंत विहारकडे किंवा खारघरला डोंगरासमोर घर असेल तर पावसाळ्यात डोंगर हिरवागार, आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडातही ती हिरवट छटा उतरते. एप्रिल-मेमध्ये तोच डोंगर तपकिरी. जुलैत छान वाटलेली पोपटी शेड तेव्हा वेगळीच वाटेल, म्हणून अशा घरात दोनपैकी राखाडी जास्त असलेली घ्या. घोडबंदर रोडवर खालच्या मजल्यावर राहत असाल आणि समोरची विंग क्रीम किंवा विटकरी असेल, तर तिचा रंग उन्हाबरोबर तुमच्या भिंतीवर येतो. पाम बीचकडच्या वरच्या मजल्यांवर आकाश मोकळं, उजेड भरपूर. तिथे फिकी शेड दुपारी जवळजवळ पांढरी दिसते.

## ७. फोनचा उपयोग किती

थोडाच. फोनचा कॅमेरा पांढऱ्याचा तोल आपोआप बदलतो, त्यामुळे सकाळी काढलेला एकीचा फोटो आणि रात्री काढलेला दुसरीचा फोटो यांची तुलना निरर्थक. कंपन्यांच्या ॲपमध्ये भिंत रंगवून बघणं ही करमणूक आहे. एकच उपयोग खरा: दोन्ही बोर्ड एकाच फ्रेममध्ये घेऊन फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. कोणती शेड गडद ते लगेच कळतं.

नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकू नका. प्रत्येकाचा स्क्रीन वेगळा, आणि आत्याला मुळात पिवळाच हवा असतो.

## ८. निर्णय

नोंदींचा कागद समोर घ्या. खोली सगळ्यात जास्त कधी वापरली जाते, त्या वेळची नोंद पहिली वाचा. तिथे जी खटकली ती बाद, बाकी वेळी कितीही छान असली तरी.

तरीही दोघी बरोबरीत असतील तर माझा कल असा: चारही भिंती रंगवायच्या असतील तर राखाडी जास्त असलेली, एकच भिंत असेल तर ताजी. अंधाऱ्या हॉलमध्ये फिकी शेड लावून उजेड वाढेल अशी आशा नको, उजेड कमी असला की फिका हिरवा फक्त मळका दिसतो. छत कोणतं पांढरं असणार तेही याच वेळी सांगा. पिवळसर ऑफ-व्हाइट छताखाली निळसर हिरवा उठून दिसतो, बऱ्याच जणांना तो खुपतो.

## ९. डबा आल्यावर

लागणारा सगळा रंग एकाच वेळी मिक्स करून घ्या, थोडा जास्तच. झाकणावरच्या स्टिकरवरचा कोड, रंगाचा प्रकार आणि फिनिश नमुन्याच्या बोर्डामागच्या नोंदीशी ताडून बघा. आकड्यांची अदलाबदल होते, आणि दुकानात गर्दी असली की नक्की होते.

मग पेंटरला भिंतीला हात लावू देण्याआधी डबा ढवळा आणि बोर्डाच्या कोपऱ्यावर बोटभर रंग लावा. वाळू द्या. डाग बोर्डात विरघळला तर काम सुरू करा. वेगळा दिसला तर डबा परत. भिंतीवर एक हात गेल्यावर परत करायला दुकानदार तयार होत नाही.

एकाच शेडचे दोन-तीन डबे असतील तर ते मोठ्या बादलीत एकत्र करूनच वापरा. दोन डब्यांतला बारीक फरक एकाच भिंतीवर मधोमध जोड दाखवतो. एक डबा संपवून दुसरा उघडायची वेळ आलीच तर ती कोपऱ्यावर येऊ द्या.

> तपासा: पहिल्या भिंतीचा पहिला हात झाल्यावर घाबरून काम थांबवू नका. एका हातात हिरवा चट्टेपट्टेरी दिसतोच. दुसरा हात वाळल्यावर बोर्ड शेजारी धरून बघा.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत भरा. मोठ्या डब्यात तळाशी ठेवला तर आतल्या हवेनं साय धरते. बरणीवर कोड, कंपनी, फिनिश, खोली आणि तारीख लिहा. मॅट भिंतीवरचे ओरखडे या रंगानं बहुतेक झाकले जातात. शीन फिनिशवर टचअपचा डाग तिरप्या उजेडात चमकतो, तिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत एक हात मारावी लागते, म्हणून शीन घेणाऱ्यांनी एक लिटर जास्त घेऊन ठेवावा.